पांढरीवरचं साम्राज्य

पुणतांब्याजवळ आमच्या रानाला लागून एक पांढरीचं टेकाड आहे. फार पूर्वी तिथं वस्ती होती म्हणतात. मोठा पाऊस झाला की मातीतून खापरांचे तुकडे वर येतात. लहानपणी दादाने आणि मी त्या खापरांवरून एक अख्खं प्राचीन साम्राज्य उभं केलं. सम्राट अर्थातच दादा. तो मोठा, आणि मुकुटापुरता पुठ्ठाही त्याच्याकडेच होता. आम्ही आधी विहीर जिंकली, मग चिंचेचं झाड, मग थेट गोदावरीपर्यंतचा मुलूख. हत्ती म्हणून शेजारच्या काकूंच्या म्हशी होत्या.

फाळणी माझ्यामुळे झाली. राणीने महालात बसून भाकरी थापाव्यात, असं फर्मान सम्राटाने काढलं. मी म्हटलं, मग माझं राज्य मला निराळं दे. रुसवेफुगवे झाले, झिंज्या ओढून झाल्या आणि शेवटी तह झाला. निम्मं त्याचं, निम्मं माझं. रानाच्या मधल्या बांधावर आम्ही एक उभा दगड रोवला, तुळशीवृंदावनाला लावून उरलेला गेरू त्याला फासला आणि दोघांनी त्यावर हात ठेवून शपथ घेतली.

साम्राज्य पुढच्या सुट्टीपर्यंतही टिकलं नाही. दगड मात्र टिकला. काकूंची हरवलेली म्हैस त्याच्यापाशी सापडली. त्यांनी नारळ फोडला, शेंदूर लावला आणि बघता बघता गावाला नवा म्हसोबा मिळाला. पेरणीआधी दादासुद्धा तिथं निवद ठेवतो. खरं काय ते त्याला पक्कं ठाऊक आहे, तरी हात जोडताना डोळे मिटतो. मला दरवेळी हसू येतं.

वडिलांचं वर्षश्राद्ध झालं आणि दादाने हक्कसोडीचा विषय काढला. म्हणजे जमिनीतला माझा वाटा मी सही करून त्याला सोडून द्यायचा. आमच्याकडे बहिणी मुकाट सही करतात आणि माहेर राखतात. वाटा मागितला की माहेर तुटलंच समजा. तालुक्याला निघण्याआधी दादा नारळ घेऊन बांधावर गेला. मीही मागोमाग गेले.

"दादा, ह्याच्यावर हात ठिवून आपुन काय बोललो हुतो?"

"पोरखेळ हुता त्यो, तायडे."

"मंग दरसाल नारळ कशाला फोडतो?"

नारळ त्याच्या हातातच राहिला. मी सही करणार नाही, असं सांगितलं. त्याने मला श्रीरामपूरच्या एसटीत बसवून दिलं. 'पोचल्यावर फोन कर' म्हणायचं मात्र टाळलं.

मग कित्येक महिने फोन नाही की निरोप नाही. भाऊबीजेला मी सकाळपासून ताट करून बसले. खरं सांगते, दुपार कलली तेव्हा मला ती जमीन नकोशी झाली होती. भाऊ हवा होता. ताटातला दिवा मी पुन्हा पुन्हा तेल घालून तेवता ठेवत होते.

दिवेलागणीला दारात मोटारसायकल थांबली. दादाने मागचं बाजरीचं पोतं खांद्यावर घेतलं आणि घरात आणून टेकवलं.

"एवढं वझं कशाला आनलं? हितं मिळती की बाजरी."

"इकत कशाला घ्यायची?" पाटावर बसत तो म्हणाला, "तुझ्या रानातली हाय."