मगरीचं लग्न शेवटी

जागतिक चित्रपटकलेच्या इतिहासात निपाणीच्या आसपासच्या खेड्यांचं स्थान मोलाचं आहे. हे वाक्य मी बेळगावच्या एका चर्चासत्रात उच्चारलं तेव्हा सभागृहात अकरा माणसं होती आणि त्यातली चार जेवणाची वाट बघत होती. पुराव्यादाखल मी एकच नाव घेतलं. निपाणी-सदलगा रस्त्याच्या आत एका गावात राहणारे बाळाप्पा ऑपरेटर. वर्षातून एकदा, एकाच भिंतीवर, ते एकच चित्रपट दाखवत. तोही वाईट.

त्यांची माझी पहिली भेट स्कूटरच्या दिव्यावरून झाली. ऊस तुटून रान मोकळं झालं की तंबाखूच्या जुन्या वखारीच्या भिंतीला चुना लागायचा आणि समोरच्या रानात ट्रॅक्टर, जीपा, मोटारसायकली भिंतीकडे तोंड करून रांगेत उभ्या राहायच्या. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले आप्पा प्रत्येक वाहन तपासत येत होते. माझ्यापाशी थांबले.

"दिवा लावा बघू."

लागला नाही.

"दिवा न्हाय? कॉलेजात शिकिवतासा आनि दिवा न्हाय? मग मगर आल्यावर काय करणार तुमी? मागं बसा."

याचा अर्थ तासाभराने कळला. भिंतीवरच्या तळ्यातून मगरीचं डोकं वर आलं आणि रानातल्या झाडून सगळ्या वाहनांचे दिवे एकदम लागले. भिंत पांढरीफटक झाली. मगर दिसेनाशी झाली. दिवे विझले तेव्हा प्रसंग संपला होता. शेजारच्या ट्रॅक्टरवरचे गृहस्थ समाधानाने म्हणाले, "उजेडाला भितंय त्ये." या पद्धतीमुळे चित्रपटातला सर्वांत भयानक प्रसंग गावात कित्येक वर्षं कुणीही पाहिलेला नव्हता. भीती मात्र सगळ्यांना वाटायची.

चित्रपटाचं नाव कुणाला माहीत नव्हतं. नावाची पट्टी आप्पांच्या हाती येण्यापूर्वीच तुटली होती. कथा एका तरुणाची. शाप लागून तो मगर होतो. मगर म्हणजे रबरी पोशाखातला माणूस. त्याच्या मनगटावर घड्याळ स्वच्छ दिसतं. एका वर्षी मी माझ्या फिल्म क्लबची मुलं नेली. घड्याळ दिसताच ती खिदळली. आप्पांनी मशीन थांबवलं.

"हसू नगा. उनात रबर घालून पाण्यात शिरलाय तो. मन लावून केलंय त्यानं."

आणि पुन्हा मशीन सुरू करताना, जणू स्वतःशीच, "चांगला पिच्चर आपला आपण जगतो. वंगाळ पिच्चर मानसानं सांभाळावा लागतो."

आवाजाची पट्टी झिजलेली असल्यामुळे सगळ्यांचे संवाद आप्पाच माइकवर म्हणत, निम्मे मराठीत, निम्मे कानडीत. यावरून आमच्या भागात जे व्हायचं ते एकदा झालं. मगरच कानडी का बोलते, असं कानडी गटाने विचारलं. पुढच्या वर्षी ती मराठी बोलली, तर मराठी गटाने विचारलं, आमचीच मगर का? दोन्ही बाजूंची निवेदनं तयार झाली. आप्पांनी भिंतीसमोर उभं राहून निकाल दिला. "मगर हाय ती. तोंड उघडंल, बोलणार न्हाय." सीमाभागात दोन्ही बाजूंना मान्य झालेला एवढा एकच निकाल मला ठाऊक आहे.

शेवटी मात्र सगळं बदलायचं. गावकरी भाल्यांनी मगरीला मारतात, तळं लाल होतं, आणि लगेच तोच तरुण मुंडावळ्या बांधून बोहल्यावर उभा! बँडबाजा, अक्षता, नवरी हसते आहे. रानातले सगळे हॉर्न वाजायला लागायचे. त्या वर्षी लग्न झालेली जोडपी पुढच्या ट्रॉलीत चटईवर बसवलेली असायची. हे लग्न पाहिलं की संसार टिकतो अशी समजूत होती. मेलेल्या मगरीचं लग्न लागतं कसं, असं मी विचारलं की उत्तर ठरलेलं. "मेल्यावर सुधारला."

ट्रॉलीच्याही पुढे एक खुर्ची असे. ती आप्पांच्या बायकोची, म्हणजे गावाच्या आक्कांची.

एकदा दुपारी मी वखारीत रिळांचे डबे पुसत बसलो होतो. फिल्मच्या टोकांवर बारीक आकडे कोरलेले होते. शेवटी दाखवत ते लग्नाचं रीळ मुळात दुसरं होतं. लग्न आधी, नवरा मगर होतो नंतर, आणि मरतो तो शेवटी. मी शोध लागल्यासारखा ओरडलो. आप्पांनी उठून वखारीचं दार ओढून घेतलं.

"हळू बोला. आक्का अंगणात हाय."

मग त्यांनी सांगितलं. फिरत्या टॉकीजवर ऑपरेटर असताना त्यांचं लग्न झालं. सदलग्याला तंबू पडला होता. सासरची मंडळी जावयाचा पिच्चर बघायला आली. खेळ बरोबर क्रमाने झाला. लग्न झालं, नवरा मगर झाला, बायकोला तळ्यात ओढून न्यायला निघाला. आप्पांची नवी नवरी रडत उठली ती माहेरी गेली.

"मी तवा बोलत नव्हतो फारसं. डोळं मोठं, दात जरा पुढं. तिला संशय आला," आप्पा म्हणाले. "मी निरोप धाडला, तुमी अर्धाच पिच्चर बघितला, उद्या या. रातभर इचार केला आनि लगीन शेवटाला लावलं. ती आली, बघितलं, आनि तंबूतनंच माझ्या घरी आली. तवापास्नं त्या क्रमाला हात लावला न्हाय. तिला कळता कामा नये, सर."

टॉकीज बंद पडलं तेव्हा ती प्रत त्यांच्याकडेच राहिली होती. आता ती कुजत होती. डबा उघडला की आंबट वास यायचा. "लोणचं मुरतंय," आप्पा म्हणायचे आणि झाकण घट्ट लावायचे. मी खटपट करून जुने चित्रपट जपणाऱ्या, एका मोठ्या शहरातल्या संस्थेला पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: प्रत विनामूल्य वाचवू, तिची डिजिटल नक्कल देऊ, मात्र काम 'मूळ क्रमानुसार'च होईल. आप्पांनी पत्र दोनदा वाचून घेतलं.

"म्हंजे मगर वाचंल, पर लगीन आदी जातंय."

"हो."

"मग कुजू दे."

त्यानंतरच्या ऊसतोडीच्या हंगामात आप्पा गेले. डब्यातला वास घरभर पसरला होता. त्यांची मुलगी सुमन निपाणीच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. ती म्हणाली, "सर, पाठवूया. नाहीतर आप्पाही नाहीत आणि पिच्चरही नाही." पाठवला. नक्कल आली. मूळ क्रमात, स्वच्छ; घड्याळात किती वाजलेत तेही दिसेल इतकी स्वच्छ. भिंतीला चुना लागला. तिला कळता कामा नये, असं आप्पा म्हणाले होते; आता भिंतच सांगणार होती. खेळाच्या आदल्या दिवशी मी आक्कांपुढे जाऊन बसलो.

"आक्का, पिच्चरचा खरा क्रम…"

"लगीन आदी आनि मगर मागनं. म्हायती हाय मला."

"कधीपासून?"

"तवाच. पैल्या दिवशी ते लगीन बघितलंच हुतं की. तोच बँडबाजा, फेट्याला तोच डाग. दुसऱ्या दिवशी शेवटाला दावलं म्हणून मला कळंना व्हय?"

"मग परत का आलात?"

आक्का शेंगा फोडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"बायको यावी म्हणून पिच्चर उलटा करणारा गडी, मगर झाला तरी किती हुईल वो?"

"त्यांना कधी सांगितलं नाही?"

"सांगून काय करू? दर वर्साला मनवायचे. बरं वाटायचं."

सुमनने लॅपटॉपवर लग्न उचलून शेवटी नेलं. पाच मिनिटं लागली. त्यातली तीन चार्जर शोधण्यात गेली. संध्याकाळी आक्का खुर्चीवर बसल्या. मी दिवा दुरुस्त करून गेलो होतो; मगर आली तेव्हा लावला. ती मेली, सुधारली, लग्न लागलं, हॉर्न वाजले.

मूळ क्रमातली प्रत त्या संस्थेने थंडगार खोलीत, राष्ट्राचा ठेवा म्हणून जपून ठेवली आहे. ती अजून कुणी बघायला मागितलेली नाही.