बाबांच्या बेस कॅबिनेटमध्ये मी मिडरेंज बसवला तेव्हा...

भुतंखेतं मी कधीच मानली नाहीत. सोसायटीत कुणाला गच्चीवर काही दिसलं की मी आधी त्याला चष्म्याचा नंबर विचारायचो. त्यामुळे हसायचं तर हसा... मीही हसलो असतो.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, मी आणि माझी बायको सुप्रिया. बाबा गेल्या वर्षी गेले. एकेकाळी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचे. त्यांचं शेवटचं सगळं आजारपण मीच काढलं. धाकटा भाऊ नितीन अंधेरीला असतो, तो सणासुदीला यायचा. पण दारात तो दिसला की बाबा उठून बसायचे. माझ्यासाठी कधी बसले नाहीत.

त्यांची गिटार आणि बेसची कॅबिनेट, म्हणजे स्पीकरचा मोठा लाकडी खोका, माझ्याकडे आली. तिच्यात एकच मोठा स्पीकर. नुसता घुमायचा, सूर कुठला लागलाय ते कळायचंच नाही. म्हणून मी मिडरेंज घालायचं ठरवलं — माणसाचा आवाज ज्या मधल्या पट्टीत असतो, ती पट्टी नीट ऐकवणारा छोटा स्पीकर. पुढच्या प्लायला भोक पाडलं, मागे छोटा बंद डबा केला, जाड आणि मधला आवाज वेगळा करून आपापल्या स्पीकरला पाठवणारा क्रॉसओव्हर जोडला. रविवारची दुपार होती. ॲम्प चालू केला आणि तेवढ्यात नितीन आला.

"काय रे दादा, काय ठोकतोयस?"

मी काही बोलायच्या आत त्या नव्या स्पीकरमधून आवाज आला, अगदी स्वच्छ.

"नितू, जेवलस काय रे?"

बाबा घरात मालवणीच बोलायचे. सुप्रिया स्वयंपाकघरातून बाहेर आली. "बाबा ना?" एवढंच म्हणाली. मी गिटारची केबल उपटली, ॲम्पचा प्लग काढला. तरी पुन्हा तेच — "नितू..."

नितीन तिथेच फरशीवर बसला. "जेवलो, बाबा," म्हणाला आणि रडायला लागला.

खरं सांगू? मला भीती वाटली नाही. मला राग आला. भोक मी पाडलं, वायर मी जोडली, आणि हाक त्याला.

नंतर मी एकटाच त्या कॅबिनेटसमोर बसून बघितलं. "बाबा, मी आहे," म्हटलं. काही नाही. नितीन आला की मात्र आवाज येतो. आता तो दर रविवारी येतो. बाबा होते तेव्हा यायला त्याला वेळ नसायचा. कॅबिनेट घरी नेऊ का, विचारत होता. मी नाही म्हटलं.

गेल्या रविवारी बहुतेक माझा चेहरा बघून त्यानेच विषय काढला. "बाबा, दादा पण आहे हां इथे."

मग आवाज आला.

"तो काय, आसताच."

असतोच, म्हणे. हे कौतुक होतं की दुसरं काही, मला कळलं नाही. सुप्रिया म्हणते कौतुकच. बंद कॅबिनेटमधून आवाज येतो कसा, तेही आजपर्यंत कुणाला सांगता आलेलं नाही. ओळखीच्या साउंडवाल्याने उघडून बघितली, वायरिंग बरोबर आहे म्हणाला.