सुमनताई फोनवर परमिट परत घेत नाहीत

सबस्टेशनला फोन करणारा माणूस स्वतःचं नाव कधी सांगत नाही. तो थेट विचारतो, "लाइट कधी येणार?" आणि उत्तर आवडलं नाही की मग नाव सांगतो, पक्षासकट.

सुमनताई चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातल्या सबस्टेशनात एकतीस वर्षं ऑपरेटर आहेत. या एकतीस वर्षांत त्यांनी सगळ्या पक्षांची बोलणी सारखीच खाल्ली. कोण वीज गेल्यावर आधी ओरडतो आणि कोण आधी विचारतो, हे त्यांना पाठ आहे. म्हणून वीज विधेयकाविरुद्ध तीन पक्षांची माणसं एका कागदावर आणायची वेळ आली, तेव्हा युनियनच्या पुढाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि काम ताईंच्या गळ्यात घातलं. पुढारी असलं काम स्वतः करत नाहीत. त्यांना फोटोला उभं राहायचं असतं.

विधेयक काय होतं, ते ताई दोन वाक्यांत सांगत. तार सरकारी कंपनीची, पण तिच्यावरून वीज विकायला खासगी कंपन्यांना मुभा. त्या मोठे कारखाने उचलणार, आणि गावठाणं, शेतीपंप, छोटी वर्कशॉपं सरकारी कंपनीच्या गळ्यात बांधून जाणार. तिसरं वाक्य त्या बोलत नसत. ते गेटवर बसलेलं होतं.

गेटवर भिवा बसतो. उजवा हात कोपरापर्यंतच आहे. डाव्या हातानं तो रजिस्टर लिहितो, अक्षर मात्र ताईंपेक्षा बरं आहे. त्याचं काम दर वर्षी नव्यानं मंजूर होतं. उद्या सरकारी कंपनी तोट्यात जाऊन सबस्टेशन दुसऱ्याच्या ताब्यात गेलं तर नवा मालक एका हाताच्या माणसाला ठेवेल का, हे ताईंनी कुणाला विचारलं नाही. उत्तर माहीत असलं की त्या विचारत नाहीत.

तो हात कसा गेला, तेही सांगायला हवं. लाइनवर काम करायचं तर लाइनमन ऑपरेटरकडून परमिट घेतो. ऑपरेटर वीज बंद करते, रजिस्टरात नाव आणि वेळ लिहिते. काम संपलं की ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. ते आल्याशिवाय लाइन चालू करायची नाही. सतरा वर्षांपूर्वी एका दुपारी फोन आला, "भिवा बोलतोय. काम झालंय, लाइन चालू करा." बोलणारा भिवा नव्हता. एका कारखान्याला घाई होती, आणि ठेकेदाराच्या सुपरवायझरनं भिवाच्या नावानं फोन लावला होता. ताईंनी विश्वास ठेवला. भिवा तेव्हा खांबावरच होता.

तेव्हापासून सुमनताई फोनवर काहीच खरं मानत नाहीत. मुलीनं बाळंत झाल्याचा फोन केला, तरी त्या म्हणाल्या, "व्हिडिओवर दाखव."

खासदारांनी अट घातली होती. "नुसत्या युनियनच्या कागदावर मी पक्षाविरुद्ध बोलणार नाही. तीन पक्षांची माणसं समोर येऊन बसली, तर सभागृहात उभा राहतो." गुरुवारी दुपारी बाराची वेळ मिळाली. संध्याकाळी ते दिल्लीला निघणार होते.

ताई पहिल्यांदा ज्ञानदेव आप्पांकडे गेल्या. आप्पा जुन्या पक्षाचे, सत्तर उलटलेले.

"त्या दिग्विजयची सही बघितल्याबगर मी कागदाला बोट लावनार न्हाई," आप्पा म्हणाले. "त्याचा बाप बी असाच व्हता. चहा आपल्यात प्यायचा आन् गुळणी दुसऱ्याच्या दारात टाकायचा."

दिग्विजय सत्तेतल्या पक्षाचा, बत्तीस वर्षांचा, प्लॉटिंगमध्ये वर आलेला. तो म्हणाला, "काकू, आप्पांनी केली का आधी? मी पहिला दिसलो तर वरून फोन येईल."

आणि चिंचवडचे इम्तियाजभाई तिसऱ्या पक्षाचे. त्यांचं एअर कॉम्प्रेसर दुरुस्तीचं वर्कशॉप. त्यांनी कागद वाचला आणि लगेच सही केली. ताईंना तेच खटकलं. शिवाय कागद शोधताना त्यांनी ड्रॉवर उघडला, तेव्हा आत एका खासगी वीज कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक दिसलं होतं.

"हे काय?" ताईंनी विचारलं होतं.

"वाटून गेले, ताई. कागद जाड आहे, मशीनखाली टेकू द्यायला बरा."

ताई हसल्या नाहीत.

शेवटी त्यांनी आपल्या पद्धतीनं केलं. परमिटच्या जुन्या कोऱ्या पुस्तकातली तीन पानं घेतली, प्रत्येकाला वेगळं. नाव, पक्ष, वेळ, सही. प्रत्येकाला बजावलं, "माघार घ्यायची तर इथं सबस्टेशनात यायचं, स्वतःच्या हातानं वेळ टाकून लिहायचं, भिवासमोर. फोनवर मी परत घेत नाही." तुमच्या पानावर दिग्विजय येणारच नाही, असं सांगून आप्पांना इम्तियाजभाईंचं पान दाखवलं, दिग्विजयला दोघांचं. अशा सह्या जमल्या.

बुधवारी दुपारी फोन आला. "दिग्विजयदादांच्या ऑफिसातून बोलतोय. दादांचं नाव काढा."

"दादांना पाठवा," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तासाभरानं दुसरा. "आप्पांच्या घरून बोलतोय. आप्पांची तब्येत बरी नाही, त्यांचं नाव धरू नका."

आप्पांच्या घरचं कुणी त्यांना आप्पा म्हणत नाही, दादा म्हणतात. ताईंनी कपाळाला हात लावला. दोन फोन आले, तिसऱ्याच्या नावानं मात्र आला नाही. म्हणजे तिसराच करवतोय. ते माहितीपत्रक, ती झटपट सही.

"भिवा, इम्तियाजच आहे हा."

"ताई, तुमचं काय सांगावं," भिवा म्हणाला. "तुम्ही आरशात बघून पण ओळखपत्र मागाल."

गुरुवारी सकाळी ताईंनी रजा टाकली, भिवाला रिक्षात बसवलं आणि थेट चिंचवड गाठलं. इम्तियाजभाई वर्कशॉपात निवांत बसून डबा उघडत होते. साडेदहा वाजले होते. बाराला खासदार, आणि हा माणूस जेवायला बसतोय. ताईंचा संशय पक्का झाला.

"निघायचं नाही का?"

इम्तियाजभाईंनी हातातला घास खाली ठेवला. "बैठक रद्द झाली ना? काल तुमच्याच सबस्टेशनातून फोन आला. सुमनताईंनी सांगितलंय, पुढच्या आठवड्यात. मी आप्पांनाही कळवलं."

ताई बाकावर बसल्या. ताईंनी तिघांना बांधून घेतलं होतं, स्वतःला नाही. माघार फोनवर चालणार नाही असं सगळ्यांना बजावलं, पण माझ्या नावानं आलेला फोनही मानू नका, हे कुणालाच सांगितलं नव्हतं. एकतीस वर्षं फोनच्या या टोकाला बसलेल्या बाईला हे सुचलंच नाही की दुसऱ्या टोकाला आपलंही नाव घेता येतं. सतरा वर्षांनी पुन्हा तीच चूक झाली होती, फक्त उलट्या बाजूनं.

"कुणाचा आवाज होता?"

"पुरुषाचा. गोड बोलत होता." इम्तियाजभाईंनी डबा बंद केला. "तुम्हाला वाटलं मी केला."

"वाटलं."

"सरळ बोलता, ते बरं आहे. चला, टेम्पो काढतो. पुढं तिघं बसू. भिवा, तू खिडकीशी बस."

आप्पा ओट्यावर पेपर वाचत बसले होते, तब्येत ठणठणीत. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. "आता तू सोता आलीस म्हून येतो. पन त्यो पोरगा न्हाई आला तर मी आत पाय ठेवनार न्हाई, आधीच सांगतो." आणि आपल्या गाडीत बसून मागोमाग निघाले.

दिग्विजयच्या ऑफिसात एसी चालू होता आणि तोही समोर होता. ताईंना पाहून त्याचा चेहरा पडला नाही, फक्त बोलणं जरा सावकाश झालं.

"काकू, काल फोन आला असेल ना तुम्हाला."

"आला. तूच करवलास?"

"ऑफिसातल्या कुणी केला असेल. वरून जरा दबाव आहे. समजून घ्या."

"आणि आप्पांच्या घरून? माझ्या नावानं इम्तियाजभाईंना?"

"ते मला माहीत नाही, आईशप्पथ."

खरं असेल किंवा नसेल. ताईंनी त्यावर वेळ घालवला नाही. पिशवीतून त्याचं पान काढलं, टेबलावर ठेवलं, शेजारी पेन ठेवलं.

"सबस्टेशन लांब पडतं, म्हणून मी आले. भिवाही आलाय. लिही. 'मी माघार घेत आहे', तारीख, वेळ, सही. कारणाचा रकाना आहे, तोही भर."

दिग्विजयनं पेन उचललं. त्यानं भिवाकडं पाहिलं, भिवा भिंतीवरचे त्याचे पुढाऱ्यांसोबतचे फोटो पाहत होता. इम्तियाजभाई दारात उभे होते. खाली आप्पांच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"हे लिहिलेलं कुठं जाईल?"

"रजिस्टरात. तुझी सही आहे, तसंच. आमच्याकडं कागद फाडत नाहीत."

अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली. फोनवर नाव काढणं वेगळं, आणि स्वतःच्या अक्षरात, वेळ टाकून, गावानं महागड्या विजेसाठी आपल्याकडं बोट दाखवावं असा कागद मागं ठेवणं वेगळं. उद्या सरकार बदललं तर? दिग्विजय एवढं गणित पटकन करतो. त्यानं पेनाला टोपण लावलं.

"गाडी कुणाची न्यायची?"

"टेम्पो," ताई म्हणाल्या. त्याला एकट्याला गाडीत बसू द्यायची त्यांची तयारी नव्हती. दिग्विजय मागं, रिकाम्या कॉम्प्रेसरच्या टाकीला धरून, पांढऱ्या शर्टात उभा राहून खासदारांच्या दारात पोचला. आप्पांनी ते पाहिलं आणि दिवसभरात पहिल्यांदा हसले.

खासदारांनी तिन्ही पानं पाहिली. मग दिग्विजयला विचारलं, "तुझीच ना ही?"

"माझीच," तो म्हणाला, जरा उशिरानं.

सोमवारी खासदार सभागृहात उभे राहिले. इतर ठिकाणचेही काही उभे राहिले. विधेयक मतदानाला आलं नाही, समितीकडे गेलं. युनियनच्या पुढाऱ्यांनी हार घालून फोटो काढून घेतले. भिवा पेढे घेऊन कंट्रोल रूममध्ये आला.

"घ्या ताई. बंद झालं."

"बंद नाही झालं. पुढं ढकललंय. बंद केलेल्या लाइनलासुद्धा अर्थिंग लावून जमिनीला जोडल्याशिवाय हात लावतोस का तू?"

"आता एकच हात आहे. तो तर मुळीच नाही लावत."

ताईंनी पेढा घेतला. मग रजिस्टर उघडून तिन्ही पानं आत लावली. परत केल्याची वेळ लिहायचा रकाना तिन्हींवर कोरा होता. तो तसाच ठेवून खाली चौथं पान जोडलं. नाव: सुमन. परमिट घेतल्याची वेळ टाकली, सही केली आणि साक्षीदाराच्या जागी भिवाच्या डाव्या हातात पेन दिलं.

तेवढ्यात फोन वाजला. ताईंनी उचलला.

"लाइट कधी येणार?" पलीकडून कुणीतरी विचारलं.

"आधी नाव सांगा," सुमनताई म्हणाल्या.