मास्तर कोटात अडकतात

मास्तरांना नाही म्हणता येत नसे. तोंडाला काही झालं नव्हतं, शिवणकामाच्या धंद्यात जन्म गेला की तशी सवयच लागते. गिऱ्हाईक म्हणालं, "पँट अगदी घट्ट शिवा," की मास्तर म्हणत, "शिवतो की!" आणि आतल्या शिवणीत बोटभर कापड जास्त सोडून ठेवत. काही दिवसांनी तेच गिऱ्हाईक पोटावर हात फिरवत परत येई, आणि मास्तर एका शब्दाने न टोचता ती पँट उसवून सैल करून देत. घरातही त्यांचा हाच कारभार. कोणी काही सुचवलं की "चालेल," आणि मनातल्या मनात थोडं कापड शिल्लक. पुढेमागे सैल करता येईल म्हणून.

या खेपेला मात्र आत काही शिल्लक नव्हतं. मुलाने मोठं घर घेतलं होतं. त्यात बाबांसाठी खोली होती, खोलीला खिडकी होती आणि खिडकीखाली झाडं होती. मास्तरांनी फक्त दुकान सोडून तिथे राहायला जायचं होतं. दुकान भाड्याचं. शेजारच्या मोबाइल दुरुस्तीवाल्याला ते हवंच होतं, मधली भिंत पाडायला तो कधीचा टपून बसला होता. रविवारी दुपारनंतर त्याचा फोन येणार होता. तेव्हा काय ते सांगायचं. एकदा भिंत पडली की ती काही उसवून परत जोडता येत नाही.

आणि नेमक्या त्याच रविवारी सगळ्यांनी मिळून सहल काढली. माणसाला इतक्या प्रेमाने गाडीत घालून नेतात ते एक तर लग्न ठरवायला, नाहीतर काहीतरी काढून घ्यायला. मास्तरांचं लग्न होऊन गेलं होतं, बायकोही जाऊन वर्षं लोटली होती. म्हणजे दुसरंच कारण उरत होतं. ते मागच्या सीटवर मधोमध बसले. एका बाजूला थोरली बहीण अक्का, दुसऱ्या बाजूला नात. दोन्हीकडची दारं त्यांच्या हाताबाहेर.

शहराबाहेर, शेतांच्या पलीकडे एका जुन्या जमीनदाराची हवेली होती. पडायला आली होती ती म्हणे. आता सरकारने डागडुजी करून, रंगरंगोटी करून तिकीट लावलं होतं. दारावरच्या पहारेकऱ्याने मास्तरांचे खिसे तपासले आणि त्यांची नखाएवढी कात्री काढून घेतली.

"धारदार वस्तू आत न्यायची नाही, काका."

"अहो, तिच्याने केळंसुद्धा कापलं जात नाही!"

"जाताना परत मिळेल."

आत सगळं चकचकीत होतं आणि सगळ्याला दोरी लावलेली होती. पलंगाला दोरी, खुर्चीला दोरी, जेवणाच्या टेबलाला दोरी. जमिनीवर बाण काढलेले. बाणाच्या दिशेनेच जायचं, मागे वळायची परवानगी नाही. प्रत्येक खोलीत कोपऱ्यात एक माणूस स्टुलावर बसलेला, आणि तो मागे वळणाऱ्याची वाटच बघत असायचा.

"आजोबा, हा पलंग एवढा उंच का?" नातीने विचारलं.

"रात्री पडलं की चांगलं लागावं म्हणून," मास्तर म्हणाले.

"बाबा, तुमच्या खोलीत आपण अगदी बुटका पलंग घेऊ हं," सूनबाई लगेच म्हणाली. "परवाच बघून ठेवलाय."

"चालेल," मास्तर म्हणाले, आणि स्वतःच्याच जिभेचा त्यांना राग आला.

अक्का तर प्रत्येक खिडकीपाशी थांबून म्हणत होती, "अरे, अशीच हवा येईल बघ तुला तिकडे. त्या दुकानात काय, नुसती वाफ!" जमीनदाराच्या खिडक्या तिने जणू भावाच्याच नावावर करून टाकल्या होत्या.

मधल्या मजल्यावर पोशाखांची खोली होती. जमीनदाराच्या घरातले कपडे बघून तसेच नवे शिवलेले होते. अंगात घालायचे, फोटो काढायचे आणि परत द्यायचे. सूनबाई घेरदार झग्यात शिरली, अक्काने पिसांची टोपी चढवली आणि आरशासमोरून हलेना. मुलाला जमीनदाराचा मखमली कोट मिळाला. मास्तरांच्या वाट्याला उरला तो कारभाऱ्याचा, उंच कॉलरचा, पोटावर बटणांची रांग असलेला. पोशाखवाल्या बाईंनी आणि मुलाने दोन्हीकडून ओढून तो त्यांच्या अंगात घातला.

"श्वास सोडू नका बाबा, बटणं उडतील!" मुलगा हसत म्हणाला.

"हा फोटो मोठा करून तुमच्या खोलीत लावायचा," सूनबाई झग्यातून म्हणाली.

मास्तरांनी हात वर केला, आणि काखेतली शिवण टर्रकन बोलली. झालं! मास्तरांच्या डोळ्यांत हवेली दिसेना, घरची माणसं दिसेनात. उसवलेली शिवण अंगावर असताना त्यांना घासही गोड लागत नसे. शर्टाच्या पट्टीत दोरा गुंडाळलेली सुई नेहमीप्रमाणे टोचलेली होतीच. कात्री नेली, तरी सुई पहारेकऱ्याच्या नजरेतून सुटली होती. बाकीचे अक्काची टोपी सरळ करण्यात गुंतले होते. मास्तर पडद्याआड गेले, डावा हात डोक्यावर धरला आणि उजव्या हाताने, न बघता, नुसत्या बोटांच्या अंदाजाने काख शिवून काढली. दुहेरी दोरा, उलटे टाके, शेवटी दोन गाठी. हत्ती बांधला तरी तुटायचं नाही, असं काम.

फोटो निघाला. पुढची मंडळी दारात ताटकळत उभी राहिली. सगळ्यांनी कपडे उतरवले. मास्तरांनी कोट ओढला तर शर्टही आला. पुन्हा ओढला. शर्ट पुन्हा आला.

"काय झालं?" मुलाने पडद्याआड डोकं घातलं.

"शिवला गेला."

"कोण?"

"मी."

काखेतून कोट, अस्तर आणि शर्ट मास्तरांनी एकजीव करून टाकले होते. शर्टासकट कोट उतरवता आला असता, पण ज्याला जगाच्या फाटक्याची काळजी तो स्वतःच्या भोकांकडे कधी बघत नाही, याचा आतला बनियन म्हणजे पुरावाच होता. कात्री दारावर. दातांनी तोडावं तर स्वतःच्या काखेपर्यंत अजून कोणाचे दात पोचलेले नाहीत.

"अहो, हा कोट पुढच्यांना द्यायचाय!" बाई बाहेरून ओरडल्या. मग त्यांनीच पर्समधून नेलकटर काढून दिलं.

मुलगा एकेक टाका तोडायला बसला. मास्तर हात वर करून उभे. इतक्या जवळ हे दोघे कित्येक वर्षांत उभे राहिले नव्हते.

"किती घट्ट शिवलंय हो!" मुलगा म्हणाला. "बाबा, त्या मोबाइलवाल्याचा फोन येईल आता. हो सांगतो, ना?"

मास्तरांचा हात अवघडला होता, कॉलर गळ्याला काचत होती, पडद्याबाहेर अक्का नातीला सांगत होती, "आजोबा आता आपल्याकडेच राहणार बरं का." पुढे नेलकटर, मागे भिंत. कुठेच बोटभर कापड सोडलेलं नव्हतं.

"नाही," मास्तर म्हणाले.

मुलाचा हात थांबला. "काय नाही?"

"दुकान द्यायचं नाही. मला यायचं नाही. खोली चांगली आहे, खिडकीही चांगली आहे. पण मी दिवसभर तिथे काय शिवू?"

"मग हे आधी का नाही बोललात? पलंग बघून झाला, पडदे झाले!"

"आधी हो म्हणालो होतो म्हणून."

मुलाने उरलेले टाके एका झटक्यात तोडले. कोट सुटला. मास्तर काही सुटले नाहीत. हवेली बघायची अर्धी राहिली होती आणि बाण पुढेच जात होते. रुसून निघून जायचं तर त्यालाही वाट तीच. तेव्हा सगळं कुटुंब तोंडं फुगवून, एकामागोमाग एक, जमीनदाराच्या मुलांची खोली, पाहुण्यांची खोली, कपाटांची खोली बघत राहिलं. कोणी कोणाशी बोलेना. स्टुलावरच्या एका माणसाने तर एवढ्या शांत कुटुंबाचं कौतुक केलं.

स्वयंपाकघरात मात्र मुलाला राहवलं नाही.

"मागच्या उन्हाळ्यात दुकानात चक्कर येऊन पडलात. शटर अर्धं खाली. लोकांना वाटलं मास्तर जेवायला गेलेत. संध्याकाळी मी सहज आलो म्हणून... बाबा, तेव्हापासून तुमचा फोन एकदा उचलला गेला नाही की मी पुन्हा पुन्हा लावत बसतो. खिडकी-बिडकी सगळं ठीक आहे. मला भीती वाटते."

मास्तरांनी दोरीपलीकडच्या थंड चुलीकडे पाहिलं. नाही म्हणणं एवढं जड असतं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एकदा म्हटलं की संपलं, असा त्यांचा समज होता.

तेवढ्यात फोन वाजला. मोबाइलवालाच. मुलाने फोन वडिलांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

"नाही द्यायचं रे दुकान," मास्तर फोनमध्ये म्हणाले. मग बराच वेळ ऐकत राहिले आणि फोन परत दिला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, विचार करा, पुढच्या महिन्यात पुन्हा विचारतो."

"मीही विचारणार आहे," मुलगा म्हणाला. "दर महिन्याला."

"मी तर रोज विचारीन," अक्का म्हणाली.

"विचार की," मास्तर म्हणाले.

"आणि शटर पूर्ण वर ठेवायचं. अर्धं ओढून आत बसायचं नाही," मुलगा म्हणाला.

"मशीनवर ऊन येतं."

"मग पडदा शिवा."

"शिवतो," मास्तर म्हणाले, आणि बाणाच्या दिशेने चालू लागले.