डभोई लाइनचा ड्राइव्ह

चोवीस एक्सच्या सीडी ड्राइव्हमध्ये गाणं चोवीस पट वेगानं वाजतं, अशी एके काळी माझी पक्की समजूत होती. हसा खुशाल. तेव्हा मी पंचेचाळिशीची होते, घरी कॉम्प्युटरवर विद्यार्थ्यांचे प्रबंध टाइप करून देत होते आणि त्या जोरावर स्वतःला मोठी जाणकार मानत होते. दुकानदारानं समोर दोन ड्राइव्ह ठेवले. एक आठचा, एक चोवीसचा. मी ठणकावून सांगितलं, "आठचाच द्या. मला टाइप करताना गाणी ऐकायची असतात. चोवीसवर ठुमरीची नुसती चिवचिव होईल."

मग आठ पटीनं तरी ठुमरी कशी ऐकणार होते, हा प्रश्न मला पडला नाही. तेव्हा मला प्रश्न कमीच पडत.

दुकानदाराच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या. माझ्याबरोबर आलेले गार्डसाहेब मात्र चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता त्याला म्हणाले, "बेनने जे जोइए ए आपो ने, भाई!" बेनला हवं ते द्या, म्हटल्यावर त्यानं निमूट आठचा बांधून दिला.

गार्डसाहेब समा भागातल्या आमच्या सोसायटीत समोरच राहायचे. पूर्वज संस्थानच्या फौजेत घोड्यावर होते, हे ते नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगत. स्वतः मात्र डभोईच्या छोट्या गाडीवर गार्ड म्हणून निवृत्त झाले होते. अरुंद रुळांवरची ती गाडी तुमच्यापैकी कोणी पाहिली असेल तर वेगाबद्दल मी काही सांगायला नको. "वहिनी, एकदा एका सायकलवाल्यानं मला मागे टाकलं," ते सांगायचे. "टाकलं ते टाकलं, वर हात करून गेला. अजून सलतंय."

त्याचा सूड त्यांनी सीडी ड्राइव्हवर उगवला. चोवीसचा घेतला, मग बत्तीसचा, मग चाळीसचा. नवा आला की माझ्या आठशी शर्यत. एकच डिस्क आधी माझ्याकडे कॉपी करायची, मग त्यांच्याकडे. ट्रे आत गेला की गार्डसाहेब उजवा हात उंच करत, जणू हातात हिरवी झेंडी आहे, आणि म्हणत, "सुटली!" मग तळहात कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवून आतली घरघर ऐकत. "आता स्टेशनातून निघतेय. आता आउटर सिग्नल. पकडला, पकडला वेग!" डिस्क आतून बाहेर वाचली जाते आणि ड्राइव्ह पूर्ण वेगात पळतो तो शेवटी, कडेला. म्हणून त्यांना काठोकाठ भरलेली डिस्क लागे. त्यांच्याकडे तशी एकच होती.

माझा आठ रखडत असला की गॅलरीतून हाक यायची, "वहिनी, तुमची डभोई पोचली का?"

मी मुकाट ऐकून घेई. कारण मधल्या काळात त्यांच्या घरी चाळीसवर लागलेलं गाणं मी ऐकलं होतं. ते आपल्या चालीनं, ठाय लयीत चाललं होतं. मी चहाच्या कपात बघत राहिले. दुकानातलं ते कधीच काढत नसत. त्यांनाही तेव्हा कळलं नसेल, किंवा आता विसरले असतील, असं मी ठरवून टाकलं.

मग बावन्नचा आला. विमान सुटल्यासारखा आवाज करायचा. दोन-चार शर्यती त्यानं दणक्यात जिंकल्या आणि एके दिवशी ती डिस्क घेऊन नुसता घरघरत बसला. वेग घ्यायचा, थांबायचा, पुन्हा वेग घ्यायचा. वाचायचा काही नाही.

त्या डिस्कवर काय होतं, ते मला त्या दिवशी कळलं. न्यूझीलंडच्या मुलानं पाठवलेली नात. तिचे फोटो आणि तिची पहिली पावलं. गार्डसाहेबांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, तिला प्रत्यक्ष पाहिलंच नव्हतं. गार्डसाहेब प्रत्येक शर्यतीनंतर जागा अडते म्हणून दोन्हीकडची कॉपी पुसून टाकत, आणि डिस्कवर चरे वाढत गेले. मुलाकडे दुसरी प्रत नव्हती. त्याचा कॉम्प्युटर बिघडला त्यात सगळं गेलं होतं.

"माझी नात शर्यतीला जुंपलीत!" काकूंचा आवाज रस्त्यापलीकडे मला स्पष्ट ऐकू आला. "आता ती दिसेपर्यंत माझ्याशी बोलू नका."

गार्डसाहेब डिस्क दोन्ही हातांवर घेऊन माझ्या दारात आले. "वहिनी, तुमच्या डभोईत बसवता का हिला?"

ट्रे आत गेला. हात वर झाला नाही. ड्राइव्ह कुरकुरला, थबकला, पुन्हा कुरकुरला. पडद्यावरची निळी पट्टी मध्यावर येऊन अडली ती अडलीच. मला कुठला धीर! म्हटलं, "बंद करू का? हे काही होत नाही."

"थांबा," ते म्हणाले. तळहात डब्यावर होता, पण आता थोपटल्यासारखा. "लाइन खराब असली की हळूच न्यावी लागते. मी आयुष्यभर तेच केलंय. उभी आहे, बंद नाही पडली."

चहा झाला, दुसरा झाला. मग पट्टी सरकली.

काकूंना बोलावून आणलं. पडद्यावर एक गुटगुटीत पोर कोचाला धरून उभी राहिली, हात सोडला, एक पाऊल टाकलं, विचार केला, दुसरं टाकलं. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "किती गं हळू चालतेस!"

"डभोई लाइनवर गेलीय," गार्डसाहेब म्हणाले. काकू नको नको म्हणत हसल्या. अबोला सुटला. त्यानंतर शर्यत झाली नाही.

वर्षभरात दोघं मुलाकडे कायमचे राहायला निघाले. रिक्षात सामान चढलं, काकू बसल्या, आणि गार्डसाहेब परत फिरून माझ्या फाटकाशी आले. जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्या हातात दिलं. चेहरा तोच, दुकानातला. सुरकुतीही हलली नाही.

"आवजो, वहिनी. हा बावन्नवाला तुमच्याकडे राहू द्या. गाणी मात्र आठवरच ऐका हं, ह्याच्यात फार लवकर संपतात."