प्रदर्शनातला माझा चेहरा

सांगलीच्या वार्षिक चित्रस्पर्धेत माझ्या सुनेनं काढलेलं माझं चित्र लागलं, तेव्हा ते पाहायला जायची मला मुळीच इच्छा नव्हती. व्यक्तिचित्रं आणि निसर्गचित्रं यांचं ते प्रदर्शन, आणि त्या दिवशी दुपारी निकाल. "आई, तुम्ही येणार नसाल तर मीही जात नाही," असं ती म्हणाली, म्हणून कडेगावातून तिच्याबरोबर एसटीत बसले.

आमच्यात भांडण नव्हतं. अढी होती, तीही माझ्याच मनात. मुलगा सैन्यात, तेव्हा सीमेवर होता. घरात आम्ही दोघीच. मी निवृत्त शिक्षिका, ती साताऱ्याची, चित्रकला शिकून आलेली. थंडीत तिनं मला सोप्यात खुर्चीवर बसवून चित्र काढायला घेतलं. एका सकाळी टीव्हीवर मुलाच्या भागात चकमक झाल्याची बातमी आली. त्याचा फोन लागेना.

"रेंज नसंल," मी म्हटलं.

"रेंजच नसेल," ती म्हणाली. जरा वेळानं तिनं ब्रश उचलला. "बसता का आई?"

मी बसले. दिवसभर ती रंग लावत राहिली. तिचा हात जरासुद्धा थरथरला नाही. संध्याकाळी मुलाचा फोन आला, तो सुखरूप होता. मी देवापुढं दिवा लावला, पण तो हात काही केल्या मनातून जाईना. नवऱ्याचा पत्ता नाही आणि हिला रंग सुचतात? बोलले मात्र कधीच नाही. चित्रही पाहिलं नाही. पुरं होताच तिनं ते गुंडाळून स्पर्धेला पाठवून दिलं होतं.

हॉलमध्ये बरीच गर्दी होती. एका भिंतीवर डोंगर, घाट, कोयनेवरचं धुकं. दुसऱ्या भिंतीवर माणसं. माझी हिरवी साडी मी लांबूनच ओळखली आणि तिथंच थांबले. चित्रापुढं दोन गडी उभे होते.

"म्हातारी लय रागीट दिसतीया रं," एक म्हणाला.

दुसरा वाकून पाहत राहिला. "राग न्हाई गड्या त्यो. कुणाची तरी वाट बघतीया ती. थोरला भाऊ मिलिट्रीत होता, तवा आमची आय अशीच बसायची."

ते पुढं सरकले आणि मी जवळ गेले. ओठ घट्ट मिटलेले. नजर चित्र काढणारीकडं नाही, बाजूला, फोन ठेवला होता त्या कोनाड्याकडं. मांडीवर एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट आवळून धरलेलं. मला वाटलं होतं, मी सगळं नीट लपवलंय. आता सांगलीतली परकी माणसंसुद्धा ते बघत होती. अंगाची आग झाली.

"त्या दिवशीचं आहे हे," मी म्हटलं.

शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या सुनेनं होकारार्थी मान हलवली.

"तुला सुचलं कसं गं? तो कुठं आहे ठाऊक नाही, आणि तू..." माझा आवाज चढला. लोक वळून बघू लागले.

ती मागं सरली नाही. "आई, मला तुमच्याजवळ बसायचं होतं. नुसतं बसले असते तर रडू फुटलं असतं. तुम्ही धीर धरून बसलेल्या. तुमच्यापुढं रडायचं कसं? चित्र काढताना तुमच्याकडं बघत राहता आलं."

कोपऱ्यात एक बाक होता, तिथं तिला घेऊन बसले. बसताच ती रडायला लागली. नवी सून भर प्रदर्शनात रडते आहे, याची एरवी मला लाज वाटली असती. मी पदर पुढं केला.

तेवढ्यात माईकवर निकाल सुरू झाला. निसर्गचित्राचं बक्षीस कोयनेच्या धुक्याला मिळालं, व्यक्तिचित्राचं दुसऱ्याच कुणाला. तिचं नाव आलं नाही. ती डोळे पुसून टाळ्या वाजवू लागली, मीही वाजवल्या.

निघताना आयोजकांपैकी एक गृहस्थ आले. हे चित्र पुढं साताऱ्याच्या प्रदर्शनाला न्यायचं म्हणत होते. तिनं माझ्याकडं पाहिलं.

"न्या," मी म्हटलं. "पण तिथं लावाल तेव्हा आम्हाला कळवा. आम्ही दोघी येणार आहोत."