भाऊंचा पहिला सवाल

एका खोलीत चार माणसं, एक कॅमेरा आणि एक फोन वर्षानुवर्षं कोंडून ठेवले की किस्से आपोआप साचतात. परवा जुनी मंडळी जमली होती. कोणीतरी म्हणालं, "भिया, वो भाऊवाला प्रोग्राम याद है?" झालं, चहा गार झाला! आधी हसायचे किस्से निघतात. मग हळूहळू दुसरे यायला लागतात, आणि ते आले की मी काहीतरी काम काढून उठतो. आज उठत नाही.

इंदूरच्या परदेशीपुऱ्यात एका किराणा दुकानाच्या माडीवर आमचं लोकल केबल चॅनेल होतं. मालक किशोरजी, कॅमेऱ्यावर मी, फोन उचलायला शोभा. आणि दर रविवारी दुपारी बाराला लाइव्ह 'इतवार का सवाल' करायला पिंगळे भाऊ. भाऊ मिलमध्ये विणाई खात्यात होते, आणि मिलच्या गणपतीत माइकवर. मिल बंद पडली, माइक तेवढा राहिला. लोकांनी फोन करायचा, भाऊंनी सवाल विचारायचा, जवाब बरोबर आला तर प्रेशर कुकर. एवढाच खेळ. पण बाराच्या ठोक्याला आमच्या गल्ल्या रिकाम्या व्हायच्या.

*

वेळ संपल्याचं सांगायला किशोरजींनी हौसेने इलेक्ट्रिक घंटी आणली होती. पहिल्याच रविवारी भाऊंनी ती दाबली आणि अख्ख्या माडीची लाइट गेली!

लाइट आली तेव्हा भाऊ खुर्चीत तसेच बसलेले. एका हातात पितळी ग्लास, मिलच्या डब्याबरोबर नेत असत तो. दुसऱ्या हातात चमचा.

टन्न! "टैम खतम, भिया!"

किशोरजी वैतागले. "भाऊ, ये क्या बर्तन बजा रिये हो?"

"लाइट जाते किशोरजी, ग्लास कुठे जाणारे?"

त्या दिवसापासून ग्लास कायमचा. लहान पोरं गल्लीत शाळा-शाळा खेळायची सोडून ग्लास वाजवत बसायची, आणि आयांची बोलणी भाऊंना खावी लागायची.

*

सवालाच्या आधी भाऊंचा एक सवाल ठरलेला असे. "पहले ये बताओ, आज घर में क्या बना है?" लोकांना वाटायचं, गप्पा मारतायत. एकदा एक बाई फोनवर थाटात म्हणाल्या, "मटर-पनीर, भाऊ! और गाजर का हलवा!"

भाऊंनी वा-वा केलं. लगेच दुसरा फोन आला, मागे रस्त्याचा आवाज, बहुतेक चौकातल्या एसटीडी बूथवरून. "भाऊ, अभी जो बोलीं वो मेरी घरवाली हैं। गिलकी बनी है। मैं खा के निकला हूँ।"

मटर-पनीर कसलं, घोसाळ्याची भाजी! अख्ख्या इंदूरने ऐकलं. भाऊ म्हणाले, "भिया, तुम आज घर मत जाना."

*

किशोरजींचं आणि भाऊंचं खरं भांडण झालं ते सोप्या सवालांवरून. नंदानगरहून कोणाचातरी फोन आला, शेजाऱ्याकडून केलेला. भाऊंनी विचारलं, क्या बना है?  तो माणूस म्हणाला, "अभी... बनना है, भाऊ."

"अच्छा. तो सवाल ये है. आज वार कौनसा है?"

"इतवार."

"एकदम सही जवाब!" टन्न!

असं दर महिन्या-पंधरवड्याला व्हायला लागलं. दुसरे केबलवाले किशोरजींना चिडवायचे. किशोरजींनी भाऊंना धरलं. "भाऊ, प्रोग्राम है कि बालवाड़ी? डिश पे देखो, सूट-बूट में क्या-क्या पूछ रिये हैं लोग!"

भाऊ मला घेऊन जिना उतरले. खाली पायऱ्यांवर मला म्हणाले, "रविवारी दुपारी बाराला माणूस 'बनना है' म्हणतो, म्हणजे चूल पेटलेली नाही, समज. आता त्याला काय राजधान्या विचारू?"

माझे वडीलही त्याच मिलमध्ये होते. आमच्याकडेही आई 'अजून व्हायचंय' म्हणायची, आणि मी ते खरं मानायचो. त्या पायऱ्यांवर मला पहिल्यांदा कळलं की व्हायचं काहीच नसायचं.

कुकर घरी पोचवायचं काम माझं. भाऊ खालच्या दुकानातून त्यात तांदूळ भरून घ्यायचे, मग झाकण लावायचे. सगळ्यांच्याच कुकरमध्ये, म्हणजे कोणाला वेगळं वाटायला नको. किशोरजींनी विचारलं तर म्हणाले, "आमच्यात भांडं रिकामं देत नाहीत." रीतच म्हटल्यावर किशोरजी काय बोलणार? पुढे तांदळाचं त्यांनी दुकानवाल्याशी स्वतःच ठरवून टाकलं.

*

असली गोष्ट फार दिवस लपत नाही. बंगलेवाल्या तुकोगंजहून एका गृहस्थांचा फोन आला. आवाज चांगला दमदार. क्या बना है? तर एकदम आवाज पाडून म्हणतात, "कुछ नहीं बना, भाऊ. क्या बताएँ."

भाऊ ऐकत राहिले. मी कॅमेऱ्यातून बघत होतो, त्यांच्या मिशा हलायला लागल्या.

"भाईसाब, तीसरी सीटी हो गई आपके कुकर की. पहले गैस बंद कर आओ, सवाल मैं बाद में पूछता हूँ!"

ते परत आलेच नाहीत. डाळीचा लगदा झाला असणार!

*

मग भाऊंचा आवाज बसला. पहिले काही रविवार कोणी मनावर घेतलं नाही. फोनवर लोक सवाल बाजूला ठेवून इलाज सांगायचे. अदरक लो, गरारे करो, सुपारी छोड़ो! (भाऊ सुपारी खातच नसत.) माडीवर ज्येष्ठमधाच्या पुड्या येऊन पडायला लागल्या. मधाच्या बाटल्या इतक्या झाल्या की शोभाने फोनशेजारचं कपाट त्यांना देऊन टाकलं.

एका रविवारी प्रोग्रामनंतर नेहमीचे पोहे आले. भाऊंनी प्लेट माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "तू खा. घशाखाली उतरत नाही. डॉक्टरला दाखवलं. गाठ आहे. स्वरयंत्र काढावं लागणार."

शोभा म्हणाली, "मग बोलणार कसं, भाऊ?"

"नाही बोलणार." आणि कपाटाकडे बघून हसले. "एवढा मध आता तुम्ही लोक संपवा."

मी ते पोहे खाल्ले. का खाल्ले ते मला आजही सांगता येत नाही. टाकवले नाहीत, एवढंच.

*

ऑपरेशनच्या आधी भाऊंच्या जागी माणूस बघायचा होता. किशोरजी म्हणाले, नवा, चमकदार पाहिजे. भाऊ म्हणाले, माणूस कोणीही आणा, परीक्षा मी घेईन. त्यांची रीत साधी होती. ते पलीकडच्या खोलीत बसून फोन लावणार, घोगऱ्या आवाजात प्रेक्षक होणार, आणि उमेदवाराने खेळ घ्यायचा.

पहिले आले भंवरकुआंच्या कोचिंग क्लासमधले एक सर. भाऊ पलीकडून म्हणाले, "अभी बनना है, साब."

सर म्हणाले, "कोई बात नहीं. आपका सवाल. प्रकाश का वेग बताइए."

"साब, मालूम नहीं."

"तैयारी करके आया कीजिए!"

दुसरा मोंटी. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात माइक धरायचा, चमकीचा कोट, बोलणं लाह्यांसारखं. त्याने विचारलं, "हाँ जी, आज क्या बना है?"

"अभी बनना है."

"अरे अंकल, बारह बज गए! भाभी जी मायके गई क्या? होटल से मँगवा लो!"

किशोरजी पोट धरून हसले. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? पलीकडे भाऊंनी फोन ठेवून दिला.

ते बाहेर आल्यावर किशोरजी म्हणाले, "भाऊ, पब्लिक को मजा आता है. लड़का तैयार है. मैं तो इसी को फाइनल के रिया हूँ."

भाऊंना आता जोरात बोलता येत नव्हतं. ते किशोरजींच्या अगदी कानाशी जाऊन म्हणाले, "त्याला परत एकदा बसवा. मी परत फोन करतो. तो ऐकतो का बघू." त्यांचा चेहरा पाहून किशोरजी हो म्हणाले. खुर्ची सोडायचं भाऊंना दुःख नव्हतं. फोन करणाऱ्यांचं काय होणार, हेच त्यांना खात होतं.

*

दुसऱ्या दिवशी मोंटी आला आणि आरशासमोर भांग पाडत बसला. फोन वाजला. एकदा, दोनदा. शोभाच्या हाताला सवय! तिने उचलला. परीक्षा चालू आहे हे ती विसरलीच, तिला वाटलं कोणी खरंच लावलाय.

"हेलो, बाबा, बोला."

पलीकडून नुसती घरघर. भाऊंचा आवाज एका रात्रीत आणखी गेला होता.

"आज क्या बना है, बाबा?"

"अभी... बनना है."

शोभा खुर्चीवर सरळ बसली. तिचेही वडील मिलमधले. "बाबा, घाई नको. आधी थोडं पाणी प्या, मी आहे लाइनवर. प्यायलात? आता सांगा. आज वार कौनसा है?"

मोंटीचा कंगवा तसाच राहिला. किशोरजी दारात उभे. पलीकडचं दार उघडून भाऊ बाहेर आले, डोळे पुसत. शोभा फोन कानाला लावून त्यांच्याकडे बघतच राहिली.

"भाऊ... ते तुम्ही होता?"

मग मात्र ती ढसाढसा रडली. इतकी वर्षं दर रविवारी ज्यांचा आवाज ऐकला, तो तिला ओळखता आला नाही! भाऊ तिच्या डोक्यावर हात ठेवून किशोरजींना म्हणाले, "झाली परीक्षा."

किशोरजींनी नाक मुरडलं. बाईला ना कॅमेऱ्यासमोर बसायची सवय, ना चमकीचा कोट. पण भाऊंच्या शब्दापुढे ते म्हणाले, "देखते हैं एकाध महीना. नहीं जमा तो मोंटी."

*

निघताना भाऊंनी एक गोष्ट केली ती आम्हाला जरा लागली. ग्लास पिशवीत टाकला. आम्हाला वाटलं होतं, शोभाच्या हातात देतील, चार शब्द बोलतील, मी फोटो काढीन. ते म्हणाले, "नेतो. घरी लागेल."

शोभाने स्टीलचा ग्लास आणला. तो वाजायचा, पण ठक्क असा. त्याला नाद नव्हता.

ऑपरेशन झालं. भाऊंच्या बायकोकडून, म्हणजे वहिनींकडून, खबर कळायची. भाऊ घरी आलेत, टीव्हीपुढे बसतात. घशाखाली मुगाच्या पातळ वरणाचं पाणी तेवढं उतरतं, तेही मन झालं तर. कधी कधी ताट-वाटी सगळं सरकवून देतात, आणि मग वहिनी स्वतःसाठीही काही मांडत नाहीत.

*

शोभाचा पहिला रविवार. साडीचा पदर किती वेळा सारखा केला असेल! किशोरजी माझ्या मागे उभे. पहिले दोन-तीन फोन सगळे एकच विचारणारे, "भाऊ कां हैं?" ती प्रत्येकाला म्हणाली, "घर पे हैं, देख रहे हैं."

मग एक फोन आला. शोभा म्हणाली, "हेलो." पलीकडे काही नाही.

"हेलो, टीवी की आवाज कम कीजिए." काही नाही. पलीकडे आमचाच प्रोग्राम ऐकू येत होता, तोही बारीक होत होत बंद झाला.

लाइव्हमध्ये शांतता फार मोठी वाटते. किशोरजींनी मागून हात हलवला, काट, काट! शोभाने त्यांच्याकडे बघितलं. तिचा हात बटणावर गेला.

टन्न!

पितळेचा नाद, फोनमधून. 

शोभाने हात मागे घेतला. पदर सारखा केला. आणि कॅमेऱ्यात बघून म्हणाली, "नमस्कार. पहले ये बताइए, आज घर में क्या बना है?"

काही वाजलं नाही. आम्ही थांबलो. नाहीच वाजलं.

"अच्छा," शोभा म्हणाली. "घाई नको. मी आहे लाइनवर. आपका सवाल ये है. आज वार कौनसा है?"

टन्न!

"एकदम सही जवाब!"

किशोरजी मागे वळले. कोपऱ्यात तयार ठेवलेला कुकर त्यांनी स्वतः उचलला, झाकण काढलं, आतले तांदूळ काढून माझ्यापुढे ठेवले आणि जिन्यावरून खाली दुकानात ओरडले, "भिया, मूँग की दाल भेजना! और मेरी गाड़ी निकालो, मैं खुद जाऊँगा."